रेघेची जाडी

गेल्या वैशाखात यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीला एका लग्नाला गेलो होतो. दुपारची पंगत होती. मांडवाच्या कडेने लावलेले कूलर गारव्यापेक्षा आवाजच अधिक करत होते, आणि द्रोणातली वांग्याची भाजी इतकी कढत होती की पहिला घास घेऊन सगळेच मुकाट्याने भाताकडे वळले होते. माझ्या उजव्या हाताला साठी ओलांडलेले एक गृहस्थ बसले होते. पांढरे धोतर, खांद्यावर दुपट्टा, उन्हाने रापलेला चेहरा. त्यांनी दोन-तीनदा माझ्याकडे पाहिले आणि मग विचारले, "तुमी खदानीचा नकाशा काढनारे साहेब न?" मी हो म्हटले आणि हातातला घास तसाच राहिला. कोळशाच्या खुल्या खाणींचे आराखडे करण्यात ज्याची तीस वर्षे गेली, त्याला या मुलखात हा प्रश्न विचारला गेला की पुढचे वाक्य काय असणार ते ठाऊक असते. वावर गेले, गाव उठले, विहीर आटली. त्या वाक्याला द्यायची उत्तरेही, खरी असोत की पोकळ, तयार असतात. पण ते गृहस्थ म्हणाले, "साहेब, तुमची रेघ आणखी पाच मीटर इकडं आली असती न, तर माह्या पोराले नोकरी लागली असती. पाच गुंठ्यानं हुकली." मग वाढप्याला हाक मारून त्यांनी माझ्या पानात बुंदी वाढायला सांगितली.

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच बहुधा ते वाक्य माझ्याबरोबर नागपूरपर्यंत आले.

हिशेब साधा होता. त्या काळच्या नियमाप्रमाणे दोन एकर जमीन गेली की घरातल्या एकाला नोकरी. यांची गेली होती एक एकर पस्तीस गुंठे. पुष्कळ जण अशा वेळी भावकीतल्या कोणाची तरी उरलीसुरली जमीन जोडून दोन एकर भरतात. यांच्या घरात ते का जमले नाही हे मी विचारले नाही, भावाभावांत काय असते ते विचारायचे नसते. पाच गुंठे म्हणजे सुमारे पाचशे चौरस मीटर. त्यांचे वावर माझ्या रेघेच्या कडेने शंभरेक मीटर लांब होते, म्हणजे रेघ पाच मीटर सरकली असती तर पाच गुंठे भरले असते. परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसून मी हे गणित करत होतो आणि सवयीने पुढची पायरीही केली: प्रकल्प अहवालातला आमचा नकाशा १:५००० या प्रमाणाचा असे, म्हणजे जमिनीवरचे पाच मीटर कागदावर एक मिलिमीटर. हद्दीची रेघ ठसठशीत दिसावी म्हणून तिला आम्ही ०.६ चे पेन वापरत असू. ०.६ मिलिमीटर जाडीची रेघ त्या प्रमाणात जमिनीवर तीन मीटर रुंद होते. तीन मीटर म्हणजे एक बैलगाडी आरामात जाईल एवढी वाट. तीस वर्षे मी अशा वाटा काढत होतो, आणि मोजणीदाराने त्या रेघेचा आतला काठ धरावा की बाहेरचा की मधला, हे मी कधी कोणाला सांगितले नव्हते. कोणी विचारलेही नव्हते.

तो नकाशा १९९४ सालचा. आमच्या कार्यालयातल्या नकाशांच्या खोलीत शिरले की अमोनियाचा वास नाकात चढून डोळ्यांतून पाणी काढत असे. मूळ नकाशा पारदर्शक फिल्मवर काळ्या शाईने काढायचा आणि मग यंत्रातून त्याच्या निळसर प्रती काढायच्या. त्या प्रती ओलसर, कोमट, वासाच्या भपकाऱ्यासह बाहेर येत. क्षेत्रफळ मोजायला प्लॅनिमीटर होता, त्याचे टोक रेघेवरून फिरवताना श्वास रोखून धरावा लागे, आणि एकच आकृती तीनदा मोजून सरासरी घ्यायची हा शिरस्ता होता, कारण तीन वेळा तीन आकडे येत. फिल्मवरची रेघ चुकली तर ती अर्ध्या ब्लेडने खरवडून काढायची. खरवडलेली जागा खडबडीत होते, तिच्यावर पुन्हा शाई ओढली की ती बारीक बारीक केसांसारखी फुटते, आणि आमच्या ज्येष्ठ ड्राफ्ट्समनना ते अजिबात खपत नसे. त्यामुळे एकदा ओढलेली रेघ हलवायची म्हणजे त्यांच्या टेबलापाशी जाऊन आधी हवापाण्याच्या गप्पा माराव्या लागत. आज हे आठवून हसू येते, पण त्यात एक गंभीर गोष्टही आहे: ज्या रेघा आम्ही हलवल्या नाहीत, त्यांतल्या काही निव्वळ फिल्म खराब होऊ नये म्हणून हलवल्या नव्हत्या.

खाणीची हद्द जमिनीवर दिसत असली तरी ती ठरते खाली, हे बाहेरच्या माणसाला सांगूनही पटकन पटत नाही. लोकांना वाटते की आधी जमीन बघतात आणि मग खणतात. आम्ही आधी तळ बघतो. वर्धा खोऱ्यात जो मुख्य थर आहे तो बराकार नावाच्या खडकांत, चांगला जाड, आणि तो अंगणातल्या फरशीसारखा सपाट नसून एका बाजूला उतरत जाणारा असतो. एका टोकाला तो काळ्या मातीखाली अगदी वर आलेला असतो, आणि तिथून जसजसे उताराच्या दिशेने जावे तसतसा तो खोल जातो व त्याच्यावरचे ओझे वाढत जाते. समजा थर सोळा मीटर जाड आहे. मग एका चौरस मीटर जमिनीखाली सुमारे चोवीस टन कोळसा असतो. त्याच्यावर ऐंशी मीटर माती आणि दगड असेल तर एका टनामागे साडेतीन घनमीटरच्या आत-बाहेर ओझे काढावे लागते. शंभर मीटरच्या वर गेले की तेच सव्वाचारवर जाते. आमच्या धंद्याचा सगळा धर्म या एका गुणोत्तरात आहे. ओझे काढायचा खर्च किती आणि कोळसा किती भावाने विकला जाणार, यावरून एक मर्यादा निघते, आणि थराचा तळ ज्या खोलीला ती मर्यादा ओलांडतो तिथे तळावर एक रेघ पडते. त्या खाणीत ती एकशेवीस मीटर खोलीला पडली होती.

आता या तळाच्या रेघेपासून वर यायचे असते. खड्ड्याची भिंत सरळ उभी ठेवता येत नाही, ती टप्प्याटप्प्याने मागे सरकत वर येते, आणि सगळे टप्पे मिळून जो एकूण उतार होतो तो किती अंशांचा धरायचा यावर वरचा काठ कुठे येणार हे ठरते. मी बेचाळीस अंश धरले होते. एकशेवीस मीटर खोलीला बेचाळीस अंश म्हणजे तळाच्या रेघेपासून वरचा काठ एकशेतेहतीस मीटर बाहेर. सदतीस अंश धरले असते तर एकशेएकोणसाठ. फरक सव्वीस मीटरांचा. बसमध्ये या आकड्यापाशी येऊन मी थांबलो, कारण त्या गृहस्थांना हवे होते पाच.

बेचाळीस का धरले, हे मला नीट आठवते. उतार पाच अंशांनी सौम्य केला असता तर त्या बाजूच्या दर एक किलोमीटर लांबीमागे पंधरा लाख घनमीटरांहून अधिक ओझे जास्तीचे काढावे लागले असते आणि त्याच्या बदल्यात कोळसा जेमतेमच वाढला असता. गुणोत्तर बिघडले असते. चाचणीचे अहवाल वाळूच्या खडकाविषयी बऱ्यापैकी आश्वासक होते, आणि बैठकीत कोणीतरी असेही म्हणाले होते की उतार जितका तीव्र तितकी जमीन कमी लागते, म्हणजे तेवढे शेतकरी वाचतात. ते वाक्य मला फार आवडले होते. मी ते नंतर दुसऱ्या दोन अहवालांत वापरले. "जमिनीची किमान गरज" असा तो परिच्छेद होता, आणि त्यात वाचलेल्या शेतकऱ्यांपैकी एक जण पुढे माझ्या शेजारी पंगतीला बसेल असे त्यात कुठे लिहिलेले नव्हते.

पण सौम्य उतारच योग्य होता असेही मला म्हणता येत नाही, कारण उतार हा प्रश्न अंशांपुरता कधीच नसतो. वरचे तीन-चार मीटर काळी माती. ती पावसात साबणासारखी होते. तिच्याखाली पिवळसर चिकणमाती आणि मुरमाड, मग कामठी नावाचा वाळूचा खडक, जो हातात घेतला तर कोरडा वाटतो पण पोटात पाणी धरून असतो, आणि आमच्या भागातल्या विहिरींचे पुष्कळसे पाणी त्याच्याच भरवशावर आहे. खाण खोल गेली की हे पाणी भिंतीतून पाझरायला लागते. ते दिवसरात्र पंपाने उपसावे लागते, आणि जे पाणी खाणीत उतरते ते आजूबाजूच्या विहिरींतून उठलेले असते. पावसाळ्यात एका रात्रीत खालचा टप्पा बुडतो. पंप, शोव्हेल, डंपर वर आणायला रस्ता लागतो, रस्त्याचा चढ सोळास एक यापेक्षा तीव्र नसावा असा दंडक आहे, म्हणजे शंभर मीटर वर यायला सोळाशे मीटर लांबीचा रस्ता त्याच भिंतीवर वळणावळणाने बसवायचा. नकाशावर भिंत म्हणून जी दिसते ती असली गुंतागुंतीची गोष्ट असते. आणि ती ढासळते तेव्हा काय होते ते झारखंडमध्ये लालमटियाला २९ डिसेंबर २०१६ रोजी दिसले. राजमहल खाणीत ढिगारा खाली आला आणि २३ माणसे गेली. ती बातमी मी घरी चहा पिताना वाचली, आणि कप खाली ठेवून पहिला विचार आला तो माझ्या बेचाळीसचा. त्याच्या सुमारे पावणेचार वर्षे आधी, १० एप्रिल २०१३ रोजी, अमेरिकेत युटा राज्यातल्या बिंगहॅम कॅन्यन या तांब्याच्या खाणीत सुमारे साडेचौदा कोटी टन खडक घसरला होता आणि एकाही माणसाला इजा झाली नव्हती, कारण भिंतीवर रडारची नजर होती आणि माणसे आधीच बाहेर काढली गेली होती. तिथेही उतार कोणीतरी माझ्यासारख्यानेच ठरवला असणार आणि तोही चुकलाच होता, फक्त चुकू शकतो हे तिथे गृहीत धरलेले होते.

या सगळ्यात मातीचे काय करायचे, हा खरा मोठा आराखडा. आईने परसात लिंबाचे रोप लावायला मला लहानपणी खड्डा खणायला लावला होता आणि मी कुदळ उचलताच ती म्हणाली होती, माती कुठे टाकणार ते आधी ठरव, नाहीतर दोनदा उचलशील. खाणीच्या नियोजनावरची इतकी चांगली सूचना मला नंतर एकाही वरिष्ठाने दिली नाही. खणलेली माती फुगते, तिच्यात हवा शिरते, आणि ती ज्या खड्ड्यातून आली त्यात ती पुन्हा मावत नाही. खाण सुरू होताना तर आत टाकायला जागाच नसते, म्हणून पहिली काही वर्षे सगळे ओझे बाहेर रचायचे, आणि तेही जिथे खाली कोळसा नाही अशा जमिनीवर, नाहीतर उद्या तोच डोंगर पुन्हा हलवावा लागेल. घुग्घूस, वणी, राजुरा या बाजूला आता जे करडे, सपाट माथ्याचे डोंगर दिसतात ते असे उभे राहिले. तीस-तीस मीटरांचे टप्पे, प्रत्येक टप्प्याची बाजू मातीच्या स्वाभाविक कलाने सदतीस अंशांच्या आसपास, आणि एकूण उतार अठ्ठावीस. त्यांच्यावर विलायती बाभूळ माजते, आणि चंद्रपूरकडे तर त्या झुडपांत वाघ येऊन राहतात. आम्ही नकाशावर ज्याला "बाह्य ढिगारा" असे नाव देऊन तिरक्या रेघांनी भरले, तिथे वाघीण पिल्ले घेऊन बसेल, हे आमच्या कोणत्याही तक्त्यात नव्हते. मला त्याचे थोडे बरे वाटते, आणि तसे वाटावे इतके आपले त्यात काही कर्तृत्व नाही हेही कळते.

नव्या मुलांना संगणकावर आराखडे करताना मी शेवटच्या काही वर्षांत पाहिले. १९६५ साली लर्क्स आणि ग्रॉसमन या दोघांनी खुल्या खाणीची सर्वांत फायदेशीर हद्द काढायची गणिती रीत मांडली. तिचे तत्त्व ऐकायला सुंदर आहे. जमिनीचे ठोकळे पाडायचे, प्रत्येक ठोकळ्याला किंमत द्यायची, आणि खालचा ठोकळा उचलायचा असेल तर त्याच्यावरचे सगळे आधी उचलले पाहिजेत ही अट घालायची. मग खालच्याची कमाई वरच्या सगळ्यांचा खर्च भरून काढते का ते बघायचे. धातूंच्या खाणींत ही रीत अधिक उपयोगी, आमच्या थराच्या कोळशाला गुणोत्तराचे साधे गणित पुष्कळदा पुरते, पण पाया एकच. या हिशेबात कोळशाचा ठोकळा अधिक असतो आणि त्याच्यावरचा प्रत्येक ठोकळा उणे. सर्वांत वरचा, ज्यात पऱ्हाटीची मुळे आहेत, ज्यात कोणाच्या तरी वावराचा धुरा, म्हणजे बांध, आहे, तोही उणेच. तो उचलायला जेवढे डिझेल लागते तेवढी त्याची किंमत. भरपाई वगैरे निराळ्या तक्त्यात येते. आणि भिंतीचा उतार त्या गणिताने काढून दिलेला नसतो, तो माणसाने आधी भरावा लागतो. मी एका मुलाला विचारले, किती धरलेस? तो म्हणाला, "सर, जुन्या रिपोर्टमध्ये बेचाळीस होते."

संगणकातल्या रेघेला जाडी नसते. तिच्या प्रत्येक बिंदूचे स्थान मीटरच्या हजाराव्या भागापर्यंत लिहून येते, आणि पडद्यावर ती कितीही मोठी करून पाहिली तरी तेवढीच बारीक राहते. त्यामुळे ती खरी वाटते. पण ज्यांच्यावरून ती निघाली ती बोअरहोले अजूनही साधारण चारशे-चारशे मीटरांवर आहेत. चारशे मीटरांवर दोन छिद्रे, प्रत्येक छिद्र तळहातात मावेल एवढे, आणि मधल्या सगळ्या जमिनीखाली थर कसा उतरत गेला असेल हा आपला अंदाज. छिद्रातून निघालेला खडकाचा गाभा लाकडी पेट्यांत ओळीने मांडून ठेवत. त्यावर पाणी शिंपडले की करड्या वाळूखडकाचा रंग खुलायचा आणि कोळशाचे तुकडे चमकायचे, आणि ओल्या पाटीसारखा एक वास यायचा. मला तो वास फार प्रिय होता. त्या पेट्यांसमोर उकिडवे बसून आम्ही मीटर आणि सेंटिमीटर लिहून घेत असू आणि मग दोन पेट्यांच्या मधले चारशे मीटर रेघेने जोडून टाकत असू. मध्ये कुठे तळ तीन मीटर खोल निघाला तर वरचा काठ सव्वातीन मीटरने सरकतो. खाणीच्या कडेने हद्दीपर्यंत साडेसात मीटर जागा अस्पर्श सोडायची असते. ती सुरक्षिततेसाठी आहे आणि ती असलीच पाहिजे. पण पाच मीटर हा आकडा या सगळ्या आकड्यांच्या आत सहज हरवतो, आणि तरी एका घरात तीस वर्षे तोच आकडा बोलला गेला.

मला जनसुनावणीतल्या सभा आठवतात. १९९७ पासून मोठ्या प्रकल्पांना त्या सक्तीच्या झाल्या. मांडव, लाउडस्पीकर, टेबलावर पाण्याच्या बाटल्या, आणि समोर सतरंजीवर गाव. पहिल्या सभेला जाताना मी विरोधाची तयारी करून गेलो होतो आणि विरोध झालाही. कोळशाच्या धुळीने काळा पडलेला कापूस एकाने पिशवीतून आणून टेबलावर ओतला होता, आणि त्याला जिनिंगमध्ये काय भाव मिळतो ते सगळ्यांसमोर सांगितले होते. पण सभा संपल्यावर, जीपपाशी, हलक्या आवाजात जे प्रश्न आले ते निराळे होते. आमचा गट नंबर आत आहे का? अर्धा आहे, तर पूर्ण घेता येईल का? घर बाहेर राहिले तर काय? आत गेलेल्याला पैसे मिळत, नोकरी मिळत असे, दुसरीकडे घर मिळत असे. रेघेच्या बाहेर शंभर मीटरवर राहिलेल्याला दुपारचा भोंगा मिळत असे. सुरुंग उडवताना पाचशे मीटरांचा घेर धोक्याचा धरतात. त्या घेरातल्या माणसांनी भोंगा वाजला की वावर सोडून लांब जायचे, मग जमीन हलते, मांडणीवरची भांडी वाजतात, भिंतीतली भेग किती वाढली ते बघायचे, आणि परत कामाला लागायचे. विहिरीचे पाणी दरसाल हातभर खाली जायचे. शेजार निघून गेलेला, शाळा हललेली, वाट अडलेली. आणि सातबारा मात्र शाबूत. मी कार्यालयात बसून ज्यांना वाचवले असे समजत होतो ते हे लोक होते.

हे मला तेव्हाही दिसत होते. दिसत नव्हते असे म्हणणे खोटे होईल.

लग्नानंतर सहा-सात महिन्यांनी, मार्गशीर्षात, मी त्या गृहस्थांच्या गावी गेलो. का गेलो ते बायकोलाही नीट सांगता आले नाही. त्यांना फोन केला तेव्हा त्यांना काही नवल वाटले नाही. "या न साहेब, तुरीले शेंगा आल्या हायेत," एवढेच म्हणाले. निर्गुडा नदीच्या पलीकडून आत वळल्यावर रस्ता डंपरांनी इतका खचला होता की मोटार सोडून शेवटचा किलोमीटर आम्ही पायीच गेलो. वावर सुरेख होते. तूर कमरेच्या वर आलेली, मध्ये पऱ्हाटीच्या ओळी, बोंडे फुटलेली आणि कापसावर तो करडा हात फिरलेला. कडेला पांढरा रंग उडालेला सिमेंटचा हद्दीचा खांब होता, आणि त्याच्या पलीकडे तारा, मग उंच गवत, मग काही नाही. मी तीस वर्षांपूर्वी काढलेला काठ मी पहिल्यांदाच बाहेरच्या बाजूने पाहत होतो. आतून, खालून, रस्त्यावरून कितीदा तरी पाहिला होता. पण बाहेरून पाहिले की तिथे भिंत दिसतच नाही, फक्त जमीन संपते आणि खालून यंत्रांचा आवाज वर येतो.

काठापाशी जमिनीला भेगा होत्या. धंद्यातल्या माणसाची नजर आधी तिथेच जाते, कारण भिंत सरकायला लागली की काठाच्या मागे अशाच लांबट भेगा पडतात. मी वाकून एका भेगेत काडी घातली, ती वीतभर आत गेली. ते गृहस्थ हसले. "साहेब, काळी माती हाय. पानी गेलं का भेगा पडतेच. ह्या माह्या वावरातबी पाहा न." खरेच वावरातही होत्या. काळ्या मातीत कोणती भेग पाण्याची आणि कोणती भिंतीची, हे तिथे उभे राहून मला सांगता आले नाही. मी त्यांना सरळ म्हटले की खाणीत कळवा, मोजायला माणूस पाठवतील. ते म्हणाले, कळवले आहे.

मग त्यांनी मला ते पाच मीटर दाखवले. खांबाला सुताची जुनी दोरी बांधली, तिला गाठी मारलेल्या होत्या, आणि ती घेऊन ते तुरीतून आत चालत गेले. दोरी ताणली तिथे एक बोरीचे झुडूप होते. "इथवर," ते म्हणाले. नकाशात त्या बोरीची जागा कुठे येईल याचा मी मनात अंदाज करू लागलो आणि ती माझ्या रेघेला जवळजवळ चिकटूनच येत होती. त्यांना मी सांगू पाहिले की ती रेघ कशी निघाली, तळ, उतार, बेचाळीस आणि सदतीस. त्यांनी सगळे ऐकून घेतले. मध्ये एकदाच त्यांनी विचारले, की म्हणजे सदतीस धरले असते तर ही बोरी आत गेली असती का? मी म्हटले, बोरी, विहीर आणि घराचा कोपरा, तिन्ही गेले असते. ते विहिरीकडे पाहत राहिले. "मंग नाई, घर नको जायला पायजे होतं," ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने, "पन नोकरी लागली असती."

दुपार कलत होती. खाली, एकशेवीस मीटरांवर नव्हे पण त्याच्या अर्ध्यात, एका टप्प्यावर पाच-सहा पिवळे डंपर माती भरायला रांगेत उभे होते. त्यांचा मुलगा आता ठेकेदाराकडे डंपर चालवतो, हे त्यांनी तेव्हा सांगितले. याच खाणीत, माती काढायच्या कामावर, बारा तासांची पाळी, कायम नाही. काठापासून हात लांब करून त्यांनी तो टप्पा दाखवला. एक डंपर भरून निघाला आणि चढावर लागला, मागे पांढुरकी धूळ उडाली, त्याच्या मागून दुसरा. यातला त्याचा कोणता, असे मी विचारले.

"थे इथून नाई समजत," ते म्हणाले, आणि दोरी गुंडाळत विहिरीकडे चालू लागले.